कांचनच्या गळ्यावरचा तुझा हात

प्रिय ताई,

तुझ्या शोकसभेत मी फार छान बोललो म्हणे. डोंबिवलीतला तो हॉल भरून लोक मागे उभे होते. तुझ्याकडे शिकून गेलेल्या मुलांच्या आया पदराने डोळे पुसत होत्या. मी खाली उतरल्यावर एका गृहस्थांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "सर, ताईंना डोळ्यांसमोर उभं केलंत!"

आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या कांचनला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. माझ्या तोंडासमोर माइक होता गं! ती मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलती करून माझे ओठ शोधत होती, आणि मी सवयीने शेवटच्या रांगेकडे बघून गर्जत होतो. थोड्या वेळाने तिने शोधणं सोडलं. मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत बसली.

तेवढ्यासाठी मी तुला पत्र लिहिलं नसतं. आज लिहायला बसलो कारण कांचन बोलायची थांबली आहे. घसा धडधाकट आहे, डॉक्टरांनी पाहिला. पण गेले कित्येक दिवस तिने तोंडातून एक शब्द काढलेला नाही. तूच म्हणायचीस ना, "आपला आवाज आपले कान सांभाळतात, हिचा आवाज फक्त सराव सांभाळतो, तो थांबला की एकेक आवाज घसरायला लागतो"? तू इतकी वर्षं खपून तिच्या तोंडात बसवलेला एकेक आवाज घसरतो आहे, ताई, आणि मला काही करता येत नाही. गर्दी बोलती करणारा तुझा भाऊ घरातल्या एका मुलीपुढे हात चोळत बसला आहे. तू नाहीस, मग मी विचारू कुणाला?

टेंभी नाक्याची ती दहीहंडी तुला आठवत असेल. कांचन तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. ढोल असे घुमत होते की माझ्या बरगड्या हलत होत्या, आणि ही माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली. लोक म्हणत होते, "काय शहाणी पोर आहे!" मला केवढा अभिमान! तू मात्र कोपरीला घरी येईपर्यंत गप्प होतीस. आल्याआल्या स्वयंपाकघरातून कुकरचं झाकण आणलंस, कांचनला उठवून खेळायला बसवलंस आणि ते झाकण तिच्या पाठीमागे फरशीवर सोडलंस. तिच्या आईच्या, सुनंदाच्या, हातातला कप पडला. कांचनने मानही वळवली नाही.

"बाळ्या, ही शहाणी नाही रे. हिला ऐकू येत नाही."

मी तुझ्यावर किती ओरडलो! तू बहिऱ्या मुलांना शिकवतेस म्हणून तुला जिथे तिथे बहिरी मुलंच दिसतात, असंही बोललो. तू झाकण उचललंस, जागेवर नेऊन ठेवलंस आणि म्हणालीस, "ओरड. तिला काही त्रास होणार नाही."

असं बोलायला जीभ कशी वळली गं तुझी? आजही आठवलं की आधी राग येतो आणि मग हसू येतं.

त्याच वर्षी गणपतीत मी वर्णमालेवर बोललो होतो. "आपल्या पूर्वजांनी माणसाच्या तोंडाचीच प्रयोगशाळा केली! फुप्फुसांतून निघालेला श्वास कुठे अडतो ते पाहिलं आणि त्याप्रमाणे अक्षरांच्या ओळी लावल्या. क-वर्ग कंठाशी, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग त्या टाळूच्या घुमटात, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांवर!" टाळ्या थांबेनात. तू मागे बसून ऐकलंस आणि रात्रीच्या जेवणाला मला धरलंस.

"व्याख्यान उत्तम. आता तो क मला दाखव."

"दाखव म्हणजे?"

"म्हण, आणि मला दिसू दे."

मी आरशापुढे उभा राहून क, क करत राहिलो. काय दिसणार? जिभेचं मूळ मागे उठतं, पडजिभेपाशी चिकटतं आणि सुटतं. बाहेरून नुसतं अर्धं उघडं तोंड! तू म्हणालीस, "ऐकू न येणारं मूल तुझ्या वर्णमालेत पहिल्याच अक्षराला अंधारात चाचपडतं. मी दुसऱ्या टोकाने सुरू करते. ओठांपासून."

मी ऐकून थोडाच घेणार! क्रमामागच्या शास्त्रावर तावातावाने बोललो. ताटातला दहीभात वाळला तरी आपण भांडत होतो. शेवटी तू हात धुवायला उठलीस आणि म्हणालीस, "क्रम खराच आहे रे. पण तो ऐकू येणाऱ्यांनी लावलाय."

मग घसरलीस पोरीच्या नावावर. "कांचन! अरे, एकही आवाज ओठांवर येत नाही. कुणी हाक मारली तरी हिला समोरच्याच्या तोंडावर काही दिसायचं नाही. मला विचारलं असतंत तर ममता ठेवायला सांगितलं असतं." सुनंदा रडायला लागली. तेव्हा तू तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "बदलायचं नाही हं. शिकवीन मी. स्वतःचं नाव तिला सगळ्यात शेवटी येईल, एवढंच."

तुझ्या त्या रविवारांचं मी काय करू, ताई? सकाळी डोंबिवलीहून यायचीस ती हातात कापडी पिशवी घेऊन. तिच्यात हातआरसा, पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या, मेणबत्ती आणि पिठीसाखरेची डबी. शेजारचे विचारायचे, "ताई जादूचे खेळ करतात का हो?"

खेळच ते! कांचनच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरायचीस. प म्हटलं की ती जराशी थरथरायची, फ म्हटलं की उडायची. महाप्राण म्हणजे काय, हे मी व्याख्यानात सांगायचो. माझ्या मुलीने ते कागदावर पाहिलं. तिचा एक तळवा तुझ्या गळ्यावर आणि तुझा तळवा तिच्या गळ्यावर. त म्हणताना गळा शांत, द म्हणताना आत भुंगा गुणगुणल्यासारखा. "भुंगा आला का? आला का भुंगा?" असं तू विचारायचीस, आणि ती छातीवर बांधलेली श्रवणयंत्राची डबी सावरत जोराजोराने मान हलवायची. घ आणि भ यांनी तर आम्हाला रडवलं. गळ्यात भुंगाही हवा आणि तोंडातून वाराही हवा, दोन्ही एकदम!

टाळूला पिठीसाखर लावायचीस आणि म्हणायचीस, "जिथे गोड लागेल तिथे जीभ टेकव." दातांच्या मागे गोड लागलं की त, वर घुमटात गोड लागलं की ट. सचा बारीक झोत हाताच्या मागच्या बाजूला गार लागायचा, शचा वारा पसरट. आ, ई, ऊ यांना तर कुठे अडवणूकच नाही. तिथे नुसतं तोंडाचं भांडं मोठं, चपटं, गोल करायचं. ळ जमला त्या दिवशी तू चहाबरोबर पेढे आणवलेस.

प, ब, म ही तिळी भावंडं. ओठांवर तिन्ही सारखीच दिसतात! बचा भुंगा गळ्यात आणि मची गुणगुण नाकात, म्हणून तिचं बोट नाकाच्या हाडावर ठेवायचीस.

आणि मग परीक्षा, पांडूशेठच्या दुकानात. आमच्या इमारतीखालचं ते आगरी माणसाचं दुकान तुझ्यामुळे परीक्षाकेंद्र झालं. कांचनच्या हातात चिठ्ठी द्यायची नाही, बोटाने वस्तू दाखवायची नाही. तोंडाने मागायचं आणि जे मिळेल ते घरी आणायचं. एकदा मीठ मागायला गेलेली पोर पीठ घेऊन आली. तू सुनंदाला आमटीत मीठ घालू दिलं नाहीस. "जे मागितलं तेच मिळालंय," म्हणालीस, आणि आपण सगळ्यांनी अळणी आमटी ओरपली. कांचन ताटाकडे बघून आधी फुरंगटली, मग अशी हसली!

पांडूशेठला तू ताकीदच दिली होतीस. "पांडू, अंदाजाने काही द्यायचं नाही. कळलं नाही तर तोंडावर सांगायचं, कळलं नाही."

तो बिचारा काकुळतीला यायचा. "अवं ताय, पोरीचं तोंड बगा कवडं झालं! मना नाय बगवत. द्येव का बिस्कूट?"

"बिस्किट मागितलंय तिने?"

"नाय."

"मग?"

काय कठोर बाई होतीस गं तू! पण त्या दुकानाच्या फळीशी उभी राहून माझी मुलगी बोलायला शिकली. आणि शेवटी, कितव्या वर्षी कोण जाणे, आरशात न बघता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "कांचन." क थोडा घशात अडकला होता. न नीट नाकातून आला. मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तू आतून ओरडलीस, "रडतोस काय! परत म्हणायला लाव तिला."

एक गोष्ट मात्र तुला विचारायची राहून गेली. तू तिचे हात मांड्यांखाली ठेवायला का लावायचीस? बोलताना बोट जरी उचललं तरी "हात खाली!" म्हणायचीस. तुझं म्हणणं होतं की हातांना बोलायची सवय लागली की तोंड आळशी होतं. मी तेव्हा गप्प बसलो. मी, जो जन्मात कधी गप्प बसलो नाही! पण ताई, आता ती कल्याणला स्क्रीन प्रिंटिंगच्या क्लासला जाते ना, तिथे तिच्यासारख्या चार मुली भेटल्या आहेत. एकदा मी तिला आणायला गेलो तर पाचजणी जिन्यात उभ्या राहून हातांनी बोलत होत्या. काय वेग! काय हसणं! एकीने कुणाची तरी नक्कल केली आणि कांचन भिंतीला टेकून हसता हसता खाली बसली. इतकी मोकळी मी तिला आपल्या दोघांसमोर कधी पाहिली नव्हती. मला पाहिल्याबरोबर तिने हात पाठीमागे नेले. चोरी पकडल्यासारखे.

तू तिला आवाज दिलास, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगेन. पण ते हात पाठीमागे जाताना मला जे वाटलं, ते मला कुणालाच सांगता आलं नाही. तुलाही नाही. तेव्हा तू आजारी होतीस.

आणि आजारी आहेस हे तरी आधी कुठे सांगितलंस? मेणबत्ती विझवून दाखवताना तुला धाप लागायची, आणि मुलांना वाटायचं बाई फ शिकवताहेत! इतकं लपवायचं असतं का, ताई? निदान एकाला तरी तुझा कान देऊन जायचं होतंस. निदान सुनंदाला.

तू गेल्यावर मी ठरवलं, आता रविवार माझे. तीच पिशवी, तोच आरसा. कांचन वाक्य बोलायची आणि मी म्हणायचो, "छान." पुढचं वाक्य. "छान." मला खरंच छान वाटायचं! इतक्या वर्षांत मला तिचं बोलणं इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यातलं सरळ काय आणि वाकडं काय, हे मला ऐकूच येत नाही. लोकांच्या भाषणातला श आणि ष वेगळा काढणारा मी, पण माझ्या मुलीचा क घशात रुतला आहे की नाही, ते मला सांगता येत नाही. आणि समजा आलंच, तरी तुझ्यासारखं तोंडावर "चूक" म्हणायचा धीर कुठून आणू? आई गेल्यासारखी झाली होती गं ती.

मग एक दिवस ती थांबली. मी विचारलं, समजावलं, रागावलो. पिशवी समोर ठेवली. तिने पिशवी उचलून कपाटावर ठेवली.

कारण कळलं ते सुनंदाकडून. कांचनने तिला हातांनी सांगितलं, आणि सुनंदाला ते कळतं! हे कधी शिकली ती? आपल्या दोघांच्या पाठीमागे मायलेकी हातांनी बोलत होत्या तर!

सुनंदा म्हणाली, "पांडूशेठच्या दुकानात गेली होती ती. मुद्दाम काहीतरी बोलली. शब्द नाही, अर्थ नाही, नुसते तोंडात येतील ते आवाज. पांडूशेठने मान डोलावली आणि साखर काढून दिली. आपण रविवारी साखर आणतो, ते त्याला पाठ आहे. वर म्हणाला, बेस बोलली पोरी."

मी तसाच चपला घालून खाली उतरलो. गिऱ्हाईक होतं तरी भर दुकानात पांडूशेठवर आग पाखडली. "ताईंनी तुला काय सांगितलं होतं? दया दाखवतोस? तुझ्या दयेने माझी पोर मुकी होतेय!" त्याने सगळं ऐकून घेतलं. मग वजनाचं माप खाली ठेवून म्हणाला, "सर, तुमचा बराबर हाय. पन ताय दुकानान उबी रायची तवा मना जोर यायचा. आता ती पोर एकटी येतं, तायचं तोंड दिसतं मना तिच्या तोंडान. तिला नाय म्हनाया जीब उचलत नाय माजी. तुमीच सांगा, तुमची उचलतं काय?"

मी पाठ वळवली. वर आलो. सुनंदा दारातच उभी होती.

"तुम्ही पूर्ण ऐकून न घेताच गेलात," ती म्हणाली. "दुकानातून आल्यावर तिने तेच तुमच्यासमोर केलं. तुम्ही पेपर वाचत होतात. पेपर खाली घेतलात, तिच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, छान."

ताई, मला तो प्रसंग आठवतसुद्धा नाही! मी इतक्यांदा छान म्हटलं आहे की त्यातलं ते कुठलं, हे मला शोधून सापडत नाही. पण तिच्या बाजूने विचार कर. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ती अंधारात दगड फेकणार, आणि तो कुठे पडला हे दुसऱ्याने सांगायचं. तू सांगायचीस. आता दगड कुठेही पडो, सगळे म्हणतात बरोबर पडला. मग तिने फेकायचा कशाला?

मी तिची माफी मागितली. कागदावर लिहून नाही, तोंडाने, उजेडाकडे तोंड करून. तिने माझे ओठ नीट वाचले आणि मान हलवली. पण बोलली नाही. त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते नको विचारूस. घरात दोन माणसं बोलतात, तिसरं हातांनी आईशी बोलतं, आणि मला कोणीतरी उलगडून सांगेल म्हणून मी या तोंडाकडून त्या हातांकडे बघत बसतो.

आता आज सकाळचं सांगतो.

कांचन कल्याणहून आली ती तणतणतच. चप्पल एक इकडे, एक तिकडे. सुनंदा बाजारात गेली होती, घरात मी एकटा. ती माझ्यासमोर आली, माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि बोलायला लागली. तोंडाने, ताई! आवाज जाडाभरडा झाला होता, मध्येच चिरकत होता, आणि दोन्ही हात हवेत. मला एक शब्द कळला नाही. एकही नाही! आणि तुला खरं सांगतो, मान डोलवायला माझी मान आपोआप उचलली गेली होती. ती बोलते आहे हेच केवढं होतं! हो म्हणून टाकावं, जवळ घ्यावं, असं वाटलं.

मी म्हटलं, "नाही कळलं."

ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा बोलली, सावकाश.

"नाही कळलं, कांचन."

तिसऱ्यांदा ती ओरडली. शेजारच्यांचं दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, त्यात कुठेतरी क होता. की ग? मी म्हटलं, "सुरुवातीचं पुन्हा सांग." तिने पाय आपटले, गॅलरीत गेली, तिथून परत आली, पुन्हा सांगितलं. सुनंदा आली तेव्हा आमचं हेच चाललं होतं. तिने पिशवी तशीच खाली ठेवली, एक क्षण दोघांकडे पाहिलं आणि फोनजवळचा कागद आणि पेन्सिल आणून कांचनपुढे धरली. कांचनने तो हात बाजूला सारला. आईला काही सांगितलंही नाही. तिला मलाच सांगायचं होतं, आणि तोंडाने सांगायचं होतं.

कशाबद्दल होतं ते? क्लासमधलं कुणी? बसमधलं? कुणी हसलं असेल? मला अजून माहीत नाही. भात गार झाला. शेवटी तिने कपाळावरचा घाम पुसला, माझ्याकडे एक बोट रोखलं आणि म्हणाली, "उद्या."

एवढं कळलं मला. सुनंदाला न विचारता कळलं.

तेव्हा ताई, तुला शब्द देतो. उद्या मी खिडकीकडे तोंड करून तिच्यासमोर बसेन. कळलं तरच कळलं म्हणेन. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी खोटं छान म्हणणार नाही. पांडूशेठलाही सांगून आलो आहे, तो म्हणाला, "तुमी म्हनाल तर मी बी म्हनंन." आणि तिचे हात मी मांड्यांखाली ठेवायला लावणार नाही. त्यासाठी तू माझ्यावर काय चिडायचं ते चीड. या एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही.

मला जमेल की नाही, मला माहीत नाही. तिचा क परत येईल की नाही, तेही माहीत नाही. उद्याचं काय ते उद्या.

तुझ्याशी भांडल्याशिवाय ज्याला जेवण जात नसे, तो तुझा
बाळ्या